‘पावती फाडली’ : रस्त्यावर गाडी अडवण्याच्या अधिकाराचा इतिहास कसा वाचायचा?

‘सिग्नलला पकडलं आणि पावती फाडली.’ हे वाक्य मराठीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गणपतीच्या वर्गणीची पावती फाडतात, देवळातल्या अभिषेकाची फाडतात, तशीच ट्रॅफिक हवालदारही फाडतो. आपण मात्र या शब्दाकडे फार हलकेपणानं बघतो. पावती म्हणजे पावल्याची खूण. ती लिहितो घेणारा आणि सांभाळून ठेवतो देणारा. म्हणजे ज्याच्याकडे घेण्याची सत्ता आहे, त्यानं आपल्या सत्तेच्या वापराचा एक लेखी पुरावा समोरच्याच्या हातात ठेवायचा, असा त्या कागदाचा अर्थ. आता ‘पावती नको, किती कमी होतील ते सांगा’ हे वाक्य आठवा. ते ऐकल्यावर आपल्या डोळ्यांसमोर भ्रष्टाचार येतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसायला हवी, ती म्हणजे पुरावा नाहीसा होण्याची. व्यवहार झाला, पण त्याची नोंद कुणाच्याच हातात उरली नाही.

पेट दिलेल्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बऱ्याच मित्रमैत्रिणींना ‘पोलीस आणि नागरिकांचे हक्क’ असा विषय खुणावतो. विषय चांगलाच आहे, पण त्या रुंदीचा प्रबंध लिहून होत नाही. म्हणून आज एक छोटा तुकडा घेऊन दाखवतो. रस्त्यावर गाडी अडवली जाते, त्या पाच मिनिटांचा कायदेशीर इतिहास. या लेखाचा प्रश्न एवढाच : अडवणाऱ्यानं आपल्यामागे काय पुरावा सोडला पाहिजे, आणि तो कुणाच्या हातात?

मोटारीच्या आधीचा रस्ता

सुरुवात मोटारीपासून केली तर अर्धा इतिहास निसटतो. मोटार यायच्या आधीही रस्ता होता, त्यावर बैलगाडी, टांगा, घोडा, पाणक्या आणि फेरीवाला होता, आणि त्यांना हटकणारा शिपाईही होता.

१८५५ साली मद्रास इलाख्यातल्या छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला. महसूल वसूल करताना आणि गुन्हा कबूल करवून घेताना सरकारी नोकर रयतेचा छळ करतात, हे सरकारच्याच आयोगानं मान्य केलं. त्यानंतर १८५७ झालं, १८६० चा पोलीस आयोग नेमला गेला आणि १८६१ चा पोलीस कायदा आला. या कायद्याचं कलम ३४ रस्त्याबद्दल आहे. बेफाम घोडा हाकणं, जनावराला क्रूरपणे वागवणं, वाट अडेल अशी गाडी उभी करणं, रस्त्यात घाण टाकणं वगैरे कृत्यांना ५० रुपयांपर्यंत दंड किंवा ८ दिवसांपर्यंत कैद. आणि महत्त्वाचं म्हणजे, असं कृत्य पोलिसाच्या डोळ्यांदेखत घडलं तर तो वॉरंटशिवाय ताब्यात घेऊ शकतो.

इथे एक इशारा. मराठी प्रबंधांत ‘१८६१ चा पोलीस कायदा महाराष्ट्रात लागू होता’ असं सरसकट लिहिलेलं आढळतं. मुंबई इलाख्याची वाट वेगळी होती. इथे १८६७ चा आणि मग १८९० चा जिल्हा पोलीस कायदा होता, आणि मुंबई शहरासाठी १९०२ चा स्वतंत्र कायदा होता. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यानं हे दोन धागे एकत्र केले. तोच कायदा आज ‘महाराष्ट्र पोलीस अधिनियम’ या नावानं ओळखला जातो. तुमचा विषय विदर्भाचा किंवा मराठवाड्याचा असेल तर गणित आणखी बदलतं, कारण तिथे आधी मध्य प्रांताचा आणि निजामाचा कारभार होता. कायदा कुठल्या भूभागाला लागू होता हे पाहिल्याशिवाय एक ओळही लिहू नका.

या जुन्या कायद्यांत एक जोडी सतत दिसते. शिपायाला अधिकार मोठा, पण शिपायावर विश्वास नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ हे त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. पोलिसासमोर दिलेली गुन्ह्याची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. म्हणजे राज्य स्वतःच्याच पोलिसाला सांगत होतं की तू विचारपूस कर, पण तू लिहून आणलेली कबुली आम्ही मानणार नाही. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगानंही पोलीस खातं अकार्यक्षम आणि जुलमी असल्याचं नोंदवलं. उपाय काय सुचवले? पगार वाढवा, भरती सुधारा, वरचे अधिकारी वाढवा. सगळे उपाय वरून देखरेख करण्याचे. रस्त्यावरच्या माणसाच्या हातात काही द्यावं, हा विचार तिथे फारसा नाही.

मोटार आली आणि कागद आले

१९१४ साली पहिला अखिल भारतीय मोटार वाहन कायदा आला. त्याआधी प्रांतांचे आपापले नियम होते. १९३९ साली नवा, बराच मोठा कायदा झाला. त्यात परवान्यांची, म्हणजे परमिटची, व्यवस्था आली. तिसऱ्या पक्षाच्या सक्तीच्या विम्याचं प्रकरणही त्यातच होतं, पण त्याचा अंमल १९४६ साली सुरू झाला. १९८८ चा आजचा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू आहे, आणि त्याच्या जोडीला १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम, ज्यांत प्रदूषण नियंत्रणाचं प्रमाणपत्र आलं.

ही यादी पुन्हा एकदा चालकाच्या खिशाच्या बाजूनं वाचा. आधी लायसन आणि नोंदणी. मग परमिट. मग विमा. मग पीयूसी. प्रत्येक टप्प्यावर त्याच्याजवळ असायला हवा असा एक कागद वाढला, आणि पोलिसाला मागता येईल अशी एक गोष्ट वाढली. टांगेवाल्याला शिपाई अडवायचा तो त्याच्या कृत्यासाठी, तेही डोळ्यांदेखत घडलेल्या. मोटारवाल्याला त्यानं काहीही केलेलं नसतानाही अडवता येतं, फक्त कागद बघायला. माझ्या मते रस्त्यावरच्या पोलिसी अधिकारातला हा सगळ्यात मोठा बदल आहे, आणि तो कुठल्याही एका कलमात लिहिलेला नाही. चार-पाच कायद्यांची बेरीज केली की तो दिसतो.

जुन्या काळाची एक खूण आजच्या कायद्यात अजून शिल्लक आहे. १९८८ च्या कायद्याचं कलम १३२ वाचा. त्यानुसार जनावर सोबत असलेला माणूस, ते बुजून अनावर होईल असं त्याला वाटलं, तर मोटारचालकाला थांबायला सांगू शकतो, आणि चालकानं थांबलंच पाहिजे. म्हणजे बैल घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला गाडी थांबवण्याचा अधिकार आजही कायद्यानं आहे. रस्ता मोटारीचा नव्हता, मोटार पाहुणी होती, त्या काळाचं हे उरलेलं वाक्य. कायद्याच्या मजकुरात असे थर सापडतात. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यानं खापराचे तुकडे बघावेत तसे ते बघायला शिका.

तीन शब्द : गणवेश, हुद्दा, पोचपावती

आता १९८८ चा मजकूर जरा जवळून. यातला नागरिकाचा हक्क ‘नागरिकाला अमुक हक्क आहे’ अशा भाषेत लिहिलेला नाही. तो पोलिसावर घातलेल्या अटींत लपलेला आहे.

पहिला शब्द गणवेश. कलम १३० नुसार चालकानं लायसन दाखवायचं, पण ‘गणवेशातल्या’ पोलीस अधिकाऱ्यानं मागितल्यावर. कलम २०२ मध्ये वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार आहे, तोही गणवेशातल्याच अधिकाऱ्याला, आणि मोजक्या गुन्ह्यांसाठी. धोकादायक ड्रायव्हिंग, दारू पिऊन चालवणं, मालकाच्या परवानगीशिवाय गाडी नेणं हे गुन्हे त्याच्यासमोर घडले तर, किंवा या कायद्याखालचा गुन्हा करून नाव-पत्ता सांगायला नकार दिला तर. दारूच्या प्रकरणात अटक केली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडून द्यावं लागतं. किती नेमकी अट आहे बघा. इथे हक्क घड्याळात मोजलेला आहे.

दुसरा शब्द हुद्दा. कलम १३२ मध्ये अपघाताच्या प्रसंगी गाडी थांबवून ठेवायला सांगणारा अधिकारी फौजदाराच्या, म्हणजे सब-इन्स्पेक्टरच्या, खालचा नसावा, असं आजचा मजकूर म्हणतो, आणि थांबवून ठेवण्याची कमाल मुदत २४ तास. कलम १३० मध्ये मात्र हुद्द्याची अट नाही. त्यामुळे ‘हवालदार लायसन मागूच शकत नाही’ हा जो मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, तो चुकीचा आहे. मागू शकतो. दंड घेऊन प्रकरण मिटवण्याचा अधिकार कुणाला, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर राज्य सरकारच्या अधिसूचनेत असतं.

तिसरा शब्द पोचपावती, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. कलम २०६ नुसार चालक पळून जाईल किंवा समन्स टाळेल असं मानायला कारण असेल तर पोलीस लायसन जप्त करून कोर्टाकडे पाठवू शकतो. पण त्यानं तात्पुरती पोचपावती दिलीच पाहिजे, आणि लायसन परत मिळेपर्यंत किंवा कोर्ट वेगळा हुकूम देईपर्यंत त्या पोचपावतीवर गाडी चालवता येते. कलम १३० तर सांगतं की लायसन जमा असेल तर त्याच्याऐवजी ही पावती दाखवा. म्हणजे कायद्याच्या नजरेत पावती हीच लायसन. रिक्षावाल्याच्या बाजूनं विचार करा. लायसन गेलं तरी दुसऱ्या दिवशी धंदा बंद पडत नाही, तो या एका कागदामुळे.

२०१९ च्या दुरुस्तीनं याच कलमात चौथं पोटकलम घातलं. वेगमर्यादा मोडणं, धोकादायक ड्रायव्हिंग, दारू पिऊन चालवणं, हेल्मेट नसणं अशा काही गुन्ह्यांत लायसन जप्त करून ते कोर्टाकडे पाठवायचं नाही, तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे, पाठवायचं. पोचपावती इथेही द्यायचीच. पण परंतुक म्हणतं की लायसन परत मिळेपर्यंत या पोचपावतीवर गाडी चालवता येणार नाही. एकाच कलमात एक पावती गाडी चालवू देते आणि दुसरी देत नाही. ३० वर्षांच्या अंतरानं लिहिलेली ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून वाचली की धोरण कुठे सरकलं ते भाषणं न वाचताही कळतं. कोर्ट बाजूला झालं, शिक्षा निकालाच्या आधी सुरू झाली. याला रस्ते अपघातांचा भीषण आकडा हे कारण होतं, ते खोटं नाही. पण किंमत कोण मोजतं, हा प्रश्न इतिहासकारानं विचारायलाच हवा. पांढरपेशा नोकरदार लायसन नसताना बसनं कामावर जाईल. डिलिव्हरीवाला काय करेल?

दंड नव्हे, तडजोड

आपण रस्त्यावर ‘दंड भरला’ म्हणतो. कायद्याच्या भाषेत तो बहुतेक वेळा दंड नसतोच. शिक्षा सुनावण्याचा अधिकार कोर्टाचा. पोलिसाला कलम २०० खाली आहे तो ठरावीक गुन्हे ठरावीक रक्कम घेऊन मिटवण्याचा, म्हणजे तडजोड शुल्क घेण्याचा अधिकार, आणि तोही राज्य सरकारनं ज्यांना नेमलंय त्यांनाच. तडजोडीला दोन बाजू लागतात. आरोप मान्य नसेल तर तडजोड नाकारून ‘मी कोर्टात बघतो’ म्हणता येतं. हा हक्क कागदावर पक्का आहे. व्यवहारात पाचशे रुपयांसाठी दोन दिवसांची रजा कोण टाकणार? त्यामुळे जवळजवळ सगळे मिटवतात. न वापरलेल्या हक्काचा इतिहास लिहायचा कसा, हा आपल्या क्षेत्रातला खरोखर अवघड प्रश्न आहे, कारण जो कोर्टात गेलाच नाही त्याचा निकाल कुठल्याच दप्तरात सापडत नाही.

मुंबईत २०१६ पासून ई-चलान आलं आणि पुढे राज्यभर पसरलं. २०२१ साली केंद्रीय नियमांत १६७ए हा नियम आला. त्यात स्पीड गन, सीसीटीव्ही, नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे यांच्यासोबत पोलिसाच्या अंगावरचा कॅमेराही धरलेला आहे. उपकरणाला मान्यता प्रमाणपत्र हवं, कॅमेरा असल्याचा फलक लावायला हवा, आणि गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवायला हवी. महाराष्ट्रात २०१९ चे वाढीव दंड लगेच लागू झाले नाहीत. सुधारित तडजोड शुल्क डिसेंबर २०२१ मध्ये आलं.

ई-चलानमुळे हातात रोख देणं कमी झालं आणि प्रत्येक चलानाची नोंद राहू लागली, हे खरं. पण पावतीचं टोक उलटं झालं. आधी पावती हा पोलिसानं नागरिकाला दिलेला पुरावा होता. आता फोटो हा नागरिकाविरुद्धचा पुरावा आहे, आणि तो सरकारच्या सर्व्हरवर आहे. मोबाईलवर मेसेज येतो, तोवर प्रसंग होऊन काही दिवस गेलेले असतात. गाडी त्या वेळी भावाकडे होती की मेकॅनिककडे, हे आठवून सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. दुसऱ्या बाजूनं, २०१८ पासून नियम १३९ नुसार कागदपत्रं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवता येतात, त्यामुळे आरसी घरी राहिली म्हणून होणारी अडवणूक कमी व्हायला हवी. तंत्रज्ञानानं नागरिकाचं भलं झालं की वाईट, असा एका ओळीचा निष्कर्ष काढण्याच्या मोहात पडू नका. कुठला कागद कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला, एवढं तपासत राहा.

पोलिसाचा हिशेब कोण घेतो?

इथपर्यंत अटी पाहिल्या. अट मोडली तर काय? पोलिसाला जाब कुणी विचारायचा?

जुनं उत्तर होतं : त्याच्या साहेबानं. आणि नागरिकानं विचारायचा ठरवलं तर वाटेत एक भिंत होती. मुंबई पोलीस कायद्याचं कलम १६१ सांगायचं की अधिकाराच्या आडोशानं केलेल्या कृत्याबद्दलचा खटला सहा महिन्यांच्या आत दाखल झाला पाहिजे. ‘अधिकाराच्या आडोशानं’ म्हणजे काय? विरुपाक्षप्पा वीरप्पा कदमपूर विरुद्ध म्हैसूर राज्य या प्रकरणात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला. एका हवालदारावर गांजाच्या जप्तीचा खोटा पंचनामा केल्याचा आरोप होता. पंचनामा करणं हे त्याचं काम, त्यामुळे तो खोटा असला तरी त्याच कामाच्या आडोशानं झालेला, म्हणून मुदतीनंतरचा खटला चालणार नाही, असा निकाल लागला. पुढे आंध्र प्रदेश विरुद्ध एन. वेणुगोपाल या प्रकरणात, मद्रासच्या तशाच कलमाबद्दल, न्यायालयानं रेघ ओढली. संशयिताला मारहाण करणं हा कुठल्याही कर्तव्याचा भाग नाही, तिथे हे संरक्षण नाही.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते. मारहाणीला संरक्षण मिळालं नाही, खोट्या कागदाला मिळालं. आणि रस्त्यावर सामान्य माणसाचा संबंध बहुतेक वेळा मारहाणीशी येत नाही, कागदाशीच येतो.

बदल हळूहळू आला. १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानं १९८१ पर्यंत आठ अहवाल दिले, ते बराच काळ पडून राहिले. १९८६ साली पश्चिम बंगालमधल्या एका कायदेविषयक सहाय्य संस्थेच्या अध्यक्षांनी, डी. के. बसूंनी, कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्या पत्राचीच याचिका झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये निकाल लागला. त्यातल्या अकरा सूचनांपैकी पहिलीच अशी की अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसेल अशी पट्टी हवी. पुढे ही गोष्ट फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१बी म्हणून आली आणि आता नागरिक सुरक्षा संहितेत आहे. लक्षात ठेवा, ही अट अटकेबद्दल आहे, प्रत्येक नाकाबंदीबद्दल नाही. तरी इतिहासाच्या दृष्टीनं ती मोठी आहे. गणवेश सांगतो की हा पोलीस आहे. नावाची पट्टी सांगते की हा कोणता पोलीस आहे. तक्रार करायला दुसरी माहिती लागते.

२००६ च्या प्रकाश सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना पोलीस तक्रार प्राधिकरणं स्थापन करायला सांगितलं. महाराष्ट्रात २०१४ च्या दुरुस्तीनं राज्य आणि विभाग पातळीवर अशी प्राधिकरणं कायद्यात आली. म्हणजे दीडशे वर्षांनी ‘साहेबाला सांगा’ याच्या पलीकडची एक खिडकी कायद्यानं उघडली.

२०१९ च्या दुरुस्तीतलं कलम २१०बी यानंतर वाचा. कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यानंच या कायद्याखालचा गुन्हा केला तर त्याला दुप्पट दंड. बातम्यांत याचं फार कौतुक झालं. पण नीट बघा. विनाहेल्मेट फिरणाऱ्या पोलिसाला हे कलम लागतं. पावती न देणाऱ्या, किंवा गाडीची किल्ली काढून खिशात टाकणाऱ्या पोलिसाला ते थेट लागत नाही. किल्ली काढून घेण्याचा वेगळा अधिकार देणारं कलम या कायद्यात नाही. गाडी अडकवून ठेवायची तर कलम २०७ आहे आणि त्याला अटी आहेत. तरीही किल्ली काढल्याचा जाब विचारायला मोटार वाहन कायद्याबाहेरच जावं लागतं.

तुलना करताना

या विषयावर शोध घेतला की समोर पहिल्यांदा अमेरिकेचं साहित्य येतं. साराह सिओ यांचं ‘पोलिसिंग द ओपन रोड’ (२०१९) जरूर वाचा, मोटारीनं अमेरिकन पोलिसाचे अधिकार कसे वाढवले याचा तो उत्तम इतिहास आहे. तिथे १९७९ च्या डेलावेअर विरुद्ध प्राउज या निकालानं सांगितलं की काहीही संशय नसताना, मनाला येईल ती गाडी फक्त कागद तपासायला अडवणं घटनाबाह्य आहे. आपल्याकडे कलम १३० मध्ये संशयाची अटच नाही.

पण म्हणून ‘भारत मागे आहे’ एवढं लिहून थांबू नका. दोन्हीकडचा प्रश्नच वेगळा आहे. तिकडचा कायदा पोलिसाला विचारतो, ‘का अडवलंस?’ आपला कायदा विचारतो, ‘अडवणारा तू कोण?’ गणवेश आहे का, हुद्दा कोणता, अधिसूचनेत नाव आहे का, पावती दिलीस का. १८५५ पासून ज्या राज्याचा आपल्याच शिपायावर विश्वास नव्हता, त्या राज्याचा हा प्रश्न आहे. त्याचा फायदा असा की तो तपासायला सोपा. तोटा असा की ‘का’ हा प्रश्न रस्त्यावर कुणी विचारतच नाही. कुठल्या वस्तीच्या तोंडाशी नाकाबंदी जास्त लागते, कुणाची बाईक थांबते आणि कुणाची कार पुढे जाते, हे आपल्या कायद्याच्या मजकुराला दिसत नाही. ते शोधायला दुसरी साधनं लागतात.

साधनं

मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत, न्याय आणि गृह खात्याचे खंड आहेत. इलाख्याचे वार्षिक पोलीस अहवाल छापील आहेत. मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेल्या एस. एम. एडवर्ड्स यांचं शहर पोलिसांवरचं १९२३ चं पुस्तक आहे, पण ते खात्याच्या खुर्चीतून लिहिलेलं आहे हे विसरू नका. मद्रासवर डेव्हिड आर्नोल्ड, मुंबईवर राजनारायण चंदावरकर आणि प्रशांत किदंबी यांनी काम केलंय. राधा कुमार यांचं तमिळ ग्रामीण भागातल्या पोलिसांवरचं काम रोजच्या, साध्या पोलिसी व्यवहारात जात कशी वावरते हे दाखवतं. आपल्या विषयाला ते फार उपयोगी आहे.

१९५० नंतरच्या काळासाठी राजपत्रं, अधिसूचना, निकाल आणि वर्तमानपत्रं. माहिती अधिकारात अर्ज करताना ‘भ्रष्टाचाराची माहिती द्या’ असं लिहू नका. ‘अमुक वर्षात जप्त लायसनांच्या पोचपावती पुस्तकांची संख्या’ असं मोजता येणारं काहीतरी मागा. आणि मौखिक इतिहास. रिक्षावाले, टेम्पोवाले, टॅक्सीवाले यांच्या आठवणी, आणि तितक्याच आवश्यक म्हणजे निवृत्त हवालदारांच्या. उन्हात उभं राहून, वरून आलेला केसेसचा आकडा पुरा करायचा ताण असलेला माणूस या गोष्टीतला दुसरा पक्ष आहे. त्याला खलनायक करून लिहिलेला प्रबंध परीक्षकाला आवडेलही, पण त्यातून यंत्रणा कळणार नाही. मुलाखत देणाऱ्यांची नावं, गाडीचे नंबर, चौकीचं नाव लपवा. ते उद्याही त्याच रस्त्यावर असणार आहेत.

एक सराव देतो. १९१४, १९३९ आणि १९८८ हे तिन्ही मजकूर मिळवा. ‘गणवेश’, ‘हुद्दा’, ‘नाव-पत्ता’, ‘पोचपावती’ हे चार शब्द प्रत्येकात कुठे येतात, कुठल्या दुरुस्तीनं आले, कुठल्या दुरुस्तीनं बदलले, याचा एका पानाचा तक्ता करा. मग ‘नाकाबंदीत तुमचे हक्क’ अशा नावाचा एखादा फिरता मेसेज घ्या आणि त्यातलं प्रत्येक वाक्य त्या तक्त्याशी ताडून बघा. दोन दिवसांचं काम आहे. तक्त्यात जिथे मोकळे रकाने राहतील आणि मेसेजमधलं जे वाक्य कुठेच बसणार नाही, तिथून सिनॉप्सिसचा पहिला परिच्छेद सुरू करा.